पऱ्या साफ करायचाय, पण पैसे कोणत्या पिशवीतून?

आमच्या कोकणातल्या वाडीच्या पऱ्यासाठी, म्हणजे छोट्या ओढ्यासाठी, पहिले पैसे जमले ते गणपतीत. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी आरतीनंतर अंगणातच वर्गणी काढली, बेचाळीस हजार झाले, आणि दिवाळीनंतर दोन दिवस जेसीबी फिरला. गाळ निघाला, झाडोरा निघाला, काठची दोन जुनी जांभळंही त्यात गेली. फोटो छान आले. मे महिन्यात पाणी आटलं तसा वास पुन्हा सुरू झाला, कारण वरच्या अंगाच्या सतरा घरांच्या मोऱ्या आणि दोन संडासांच्या ओसंडणाऱ्या टाक्या पऱ्यातच उतरत होत्या. तिकडे कोणी चालत गेलंच नव्हतं.

तेव्हापासून कोणी विचारलं की आमच्या व्हाळासाठी (ओढ्यासाठी) निधी कुठे मिळेल, तर मी उलट विचारतो, घाण कसली आहे? पैसे नदीच्या नावाने मिळत नाहीत, घाणीच्या प्रकाराप्रमाणे मिळतात. मोरीच्या पाण्याची पिशवी वेगळी, प्लास्टिकची वेगळी, गोठ्याची वेगळी. कारखान्याच्या पाण्याला तर पिशवीच नाही, त्याचा रस्ता निराळा आहे. आणि गाळ उपसण्याचा निधी हा पुराच्या खात्यातला. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर वाशिष्ठीतून गाळ काढला गेला तो पूर ओसरायला वाट मिळावी म्हणून. त्याने पाणी स्वच्छ होतं असा समज करून घेऊ नका.

पहिलं काम: डोंगरापासून खाडीपर्यंत चाला

देशावर नदीचं पाणलोट क्षेत्र पायी बघायचं म्हटलं तर महिना जाईल. कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतरच इतकं कमी आहे की वाडीच्या पऱ्याचा उगम ते तो खाडीला मिळतो ती जागा, एवढं बहुधा एका दिवसात चालून होतं. चार माणसं, एक वही, मोबाइलवर नकाशा. वाटेत जिथे पाणी पऱ्यात शिरतं ती प्रत्येक जागा लिहा: कोणाची मोरी, कोणाचा गोठा, कुठला चिकन सेंटरवाला पिसं टाकतो, आंबा कॅनिंगच्या हंगामात साली आणि बाठ्यांचं पाणी कुठून येतं, काजू कारखान्याचं गटार कुठे उघडतं. साकवाखाली, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाखाली, हमखास थांबा. पिशवी फेकायला साकवासारखी सोयीची जागा नाही, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

हा फेरफटका दोनदा करा. एकदा मेच्या मध्यावर, पाणी सगळ्यात कमी आणि घाण सगळ्यात घट्ट असताना. दुसऱ्यांदा जूनच्या पहिल्या जोरदार पावसात, कारण वर्षभर साठलेलं सगळं त्या दोन दिवसांत खाली येतं. पाणी तांबडं लाल दिसलं तर वर कुठे चिरेखाणीची माती उघडी पडली आहे का पाहा. तो प्रश्न महसूल खात्याचा आहे, निधीचा नाही.

वहीत नावं लिहाल तेव्हा एक पथ्य पाळा. ती वही ग्रामसभेत वाचून दाखवू नका. आम्ही वाचली, आणि तीन घरं दोन वर्षं बोलत नव्हती. आकडा सांगा: सतरा मोऱ्या, दोन टाक्या, एक गोठा.

दुसरं काम: बाटलीभर पुरावा

वास येतो, एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. सुदैवाने स्वस्त पुरावे गावातच असतात. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनमधून आलेला पाणी तपासणी संच असतो आणि तो वापरायला गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण द्यायची योजना आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत ते शोधा. विष्ठेचे जंतू आहेत का हे सांगणारी छोटी बाटली असते, तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं झालं तर समजायचं. आम्ही ग्रामसभेच्या दोन दिवस आधी तीन विहिरींच्या बाटल्या भरल्या आणि सभेत टेबलावर ठेवल्या. पऱ्याकाठच्या विहिरीची काळीकुट्ट होती. त्या दिवशी भाषण करावं लागलं नाही.

दुसरा पुरावा कार्डाचा. आरोग्य खातं आणि जिल्हा परिषद वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतात आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतात. आरोग्य उपकेंद्रात मागितलं की दाखवतात. मोठ्या नदीकाठी असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची दरमहाची आकडेवारी मिळते. तिच्यात दोन गोष्टी बघायला शिका. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला, किंवा बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जंतूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमच्या वर गेला, तर ते पाणी अंघोळीच्याही निकषात बसत नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, आणि त्यांत सावित्री, कुंडलिका, वाशिष्ठीही होत्या. तुमचा पऱ्या अशा नदीला मिळत असेल तर अर्जात पहिल्या परिच्छेदात लिहा.

जवळ कॉलेज असेल तर रसायनशास्त्राच्या किंवा पर्यावरणाच्या प्राध्यापकांना गाठा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्प हवा असतो, आपल्याला आकडे. दोघांचं काम होतं.

आता पिशव्या

सगळ्यात जवळची पिशवी ग्रामपंचायतीची. नवखी माणसं ती सोडून थेट मंत्रालयात नाहीतर कंपनीच्या दारात जातात. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात गावांना जो निधी दिला, त्यातला ६० टक्के बंधित होता: ३० टक्के पाण्यासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. म्हणजे तो रस्त्याला किंवा सभामंडपाला वळवता येत नव्हता. महाराष्ट्रात या निधीचे ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला, उरलेले १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला जात. एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा चालू वर्षाची वाटणी काय आहे याचा शासन निर्णय ग्रामसेवकांकडून (कागदोपत्री आता ते ग्रामपंचायत अधिकारी) मागून वाचा. गेल्या वर्षी बंधित निधीतले किती शिल्लक राहिले हा प्रश्न सभेत विचारायला लाजू नका. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर तुमच्या गावाचा खर्च घरबसल्या दिसतो, आधी तो पाहून जा.

पण हा पैसा तुमच्या कामाला मिळायचा तर ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलं पाहिजे. आराखड्यात नाही ते काम नाही, इतकं सरळ आहे. आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते, म्हणून पऱ्याचा विषय गांधी जयंतीच्या ग्रामसभेत आला पाहिजे. सभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी ती संख्या. आणि मुख्य सभेआधी महिला ग्रामसभा होते ती विसरू नका. विहिरीवर कोण जातं? ठराव तिथून आला तर मुख्य सभेत सहसा कोणी आडवं येत नाही.

दुसरी पिशवी स्वच्छ भारत मिशन ग्रामीणची, आणि मोरीच्या पाण्यासाठी हीच मुख्य. दुसऱ्या टप्प्याच्या मार्गदर्शक सूचनांत ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये आणि घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये अशी कमाल मर्यादा आहे. मोठ्या गावांना हेच दर माणशी ६६० आणि ४५. यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. हिशेब करून पाहा. १,८०० वस्तीचं गाव असेल तर सांडपाण्याचे ५ लाख ४ हजार, कचऱ्याचे १ लाख ८ हजार, मिळून ६ लाख १२ हजार. त्यातले १ लाख ८३ हजार ६०० ग्रामपंचायतीचे, बाकी मिशनचे. सतरा मोऱ्या आणि एका साकवाच्या मानाने ही रक्कम कमी नाही. अडचण एकच, ती अख्ख्या गावाची असते आणि कदाचित आधीच एखाद्या वाडीत खर्च झालेली असते. पंचायत समितीच्या गट संसाधन केंद्रात आपल्या गावाचं पान उघडून दाखवा म्हणावं. तालुक्याच्या पातळीवर प्लास्टिक प्रक्रियेसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. साकवाखालचं प्लास्टिक गोळा करून ठेवायचं कुठे, याचं उत्तर त्यात मिळू शकतं.

रोजगार हमीतून वैयक्तिक शोषखड्डे, नाडेप (कंपोस्ट खताची विटांची टाकी), गांडूळखताचे टाके होत आले आहेत. गोठ्याचं शेण पऱ्यात जात असेल तर ही वाट चांगली. मात्र या कामांत मजुरीचा भाग मोठा आणि साहित्याचा लहान ठेवावा लागतो, आणि कोकणात सरकारी दराने मजूर मिळवणं किती अवघड ते तुम्हाला सांगायला नको. गोठेवाल्याने स्वतःच मजूर म्हणून नाव नोंदवलं तरच ते जमतं.

आमदार आणि खासदार निधी दोन्हीही वर्षाला ५ कोटींचे आहेत, पण मागणारी गावं शेकड्यांनी. संरक्षक भिंत, गटार असं दिसणारं काम त्यातून होतं. जिल्हा नियोजन समितीचा निधीही साधारण त्याच वळणाचा. इथे एक सावधगिरी: 'सांडपाण्याची व्यवस्था' म्हणून तुम्हाला सिमेंटचं बंद गटार मंजूर होईल, आणि ते गटार तीच घाण पऱ्यात अधिक वेगाने नेऊन सोडेल. अशा कामाला नम्रपणे नको म्हणा. पुढाऱ्याला नको म्हणणं अवघड असतं, मान्य आहे.

माझी वसुंधरा अभियान (२०२० पासून) आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान ही बक्षिसाची कामं. आधी काम, मग गुण, मग पैसे. पहिल्या वर्षी त्यांच्या भरवशावर अंदाजपत्रक मांडू नका. दुसऱ्या टप्प्यासाठी ठीक. खाडीकाठच्या गावांना कांदळवन (खारफुटी) संरक्षण व उपजीविका योजना आहे. कांदळवन राखणाऱ्या गटांना कालवं, खेकडे, जिताडा पाळण्यासाठी ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. तिच्यातून मोरीचं पाणी थांबत नाही, पण कालवं पाळणारा गट खाडीत उभा राहिला की वरच्या वाडीला जाब विचारणारं कोणीतरी तयार होतं. गाव नगरपंचायतीत असेल, देवरुख, लांजा, गुहागरसारखं, तर वरच्या ग्रामीण योजना लागू नाहीत. तिथे मुख्याधिकाऱ्यांकडे शहरी स्वच्छ भारत आणि नगरोत्थानची चौकशी करायची. त्याआधी सवड काढून वेंगुर्ल्याचा कचरा प्रकल्प बघून या. किती प्रकारांत कचरा वेगळा करता येतो ते बघितल्याशिवाय पटत नाही.

कंपनीच्या दारात जाण्याआधी

कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची असते. पाण्याची गुणवत्ता राखणं हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. त्यामुळे तुमच्या जिल्ह्यात प्रकल्प असलेली कंपनी आधी गाठा.

पण लोटे, महाड, रोहा-धाटावसारख्या औद्योगिक वसाहतींच्या शेजारच्या लोकांनी नीट ऐका. कारखान्याने स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं हे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने त्याच्यावर असलेलं बंधन आहे, आणि कायद्याने जे करायचंच आहे ते सीएसआरमध्ये, म्हणजे वरच्या त्या २ टक्क्यांच्या समाजखर्चात, धरता येत नाही. तेव्हा 'आमच्या नदीत तुमचं पाणी येतं, तर सीएसआरमधून काहीतरी करा' असं म्हणणं म्हणजे तक्रार आणि देणगी एकाच ताटात वाढणं. रंगीत पाणी, मेलेले मासे दिसले की तारीख, वेळ, जागा आणि फोटोसह प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, पोच घ्या. कलम ३३अ खाली मंडळ वीज-पाणी तोडण्याचा आदेशही देऊ शकतं. पुढे पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. ज्या कंपनीविरुद्ध तक्रार चालू आहे तिच्याकडून बाकं आणि टी-शर्ट घेऊ नका. घेतलेलं गाव मी पाहिलं आहे, पुढच्या तक्रारीला तिथे सह्याच मिळाल्या नाहीत.

पैसे कोणाच्या खात्यात येणार?

सीएसआर घ्यायचा तर संस्था नोंदणीकृत हवी, आयकर खात्याची नोंदणी (आपण जिला १२ए आणि ८०जी म्हणतो ती) हवी, कंपनी व्यवहार खात्याकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला हवा, आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे काल स्थापन केलेल्या 'नदी बचाव' मंडळाला हे पैसे मिळणार नाहीत. मार्ग दोन. एक, कंपनीने स्वतः काम करून द्यायचं, तुम्ही फक्त जागा आणि गाव सांभाळायचं. दोन, तुमच्या गावाचं जुनं मुंबई मंडळ शोधायचं. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत जन्मलेली अशी मंडळं अनेकदा धर्मादाय आयुक्तांकडे कधीचीच नोंदलेली असतात. मंडळाची घटना (नियमावली) काढून बघा, उद्देशांत आरोग्य किंवा पर्यावरण आहे का. आणि हिशेबाचं ऑडिट वेळेत गेलंय का. दहा वर्षांचं ऑडिट तुंबलेलं असेल तर पऱ्याआधी ते साफ करावं लागेल.

आखातात असलेल्या गावकऱ्यांचे पैसे घेता येतात का, हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी मानली जात नाही. मात्र ज्याने परदेशाचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडून घ्यायची तर विदेशी देणगी कायद्याखालची परवानगी लागते. नातेवाईक असला तरी. वर्गणीची पावती द्या, आणि ८०जीची सवलत हवी असणाऱ्याला आधीच सांगा की दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

अंदाजपत्रक, कातळ आणि सातबारा

पंचायत समितीचे शाखा अभियंता दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतात, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश आणि शेवटी मोजमाप पुस्तिकेत नोंद. ही साखळी त्यांना करू द्या. पण कामाचा नमुना तुम्ही ठरवा, कारण छापील नमुने बहुधा काळ्या मातीचे असतात. मराठवाड्यात गाजलेला शोषखड्डा आमच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) खणला, चार फुटांवर कातळ लागला आणि पहिल्याच पावसात खड्ड्याचं डबकं झालं. खाली समुद्रकाठच्या पुळणीत (वाळूत) उलटी गत: पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की खड्डा आतूनच भरतो. मध्ये जिथे जांभा आहे तिथे पाणी मुरतं, पण छिद्राछिद्रांतून इतकं चटकन पुढे जातं की विहिरीपासून पन्नास फूट हे नेहमीचं अंतरही मला अपुरं वाटतं. आम्ही शेवटी तीन प्रकार केले: मातीच्या जागी शोषखड्डा, सड्यावर मोरीचं पाणी गाळण टाकीतून केळी आणि अळूच्या परसात, आणि सात घरांच्या एकत्र पाण्याला खडीत कर्दळ लावलेला वाफा. संडासाच्या टाक्यांचं पाणी यातल्या कशातही सोडायचं नाही. तिथे दोन खड्ड्यांचा संडास किंवा टाकी उपसून घेणं.

जमिनीबद्दल काय सांगू! कर्दळीच्या वाफ्याला अर्धा गुंठा हवा होता. सातबारावर चौदा सहहिस्सेदार, त्यातले नऊ मुंबई-पुण्याला, एकाचा पत्ताच नाही. संमतिपत्रं जमवायला जितका वेळ गेला तितक्यात वाफा दोनदा बांधून झाला असता. शक्यतो गावठाणातली किंवा ग्रामपंचायतीच्या नावावरची जागा बघा. खासगीच लागणार असेल तर गणपती आणि शिमगा हे दोनच मोसम, सगळे हिस्सेदार तेव्हाच एका छपराखाली सापडतात. खाडीकाठी कांदळवनापासून लांब राहा. मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरची पट्टी राखीव असते आणि किनारा नियमन क्षेत्राची परवानगी हे वेगळंच प्रकरण आहे.

कंपनीला द्यायचा प्रस्ताव दोन पानांचा पुरे. किती मोऱ्या, कोणता उपाय, किती खर्च, त्यातले ग्रामपंचायतीचे किती आणि गावचे किती, दोन वर्षांनी काय मोजून दाखवणार. गावची वर्गणी पंधरा हजार असली तरी ती ओळ वरती लिहा. 'लोकसहभाग' या शब्दापेक्षा ती ओळ जास्त बोलते. काळ्या बाटलीचा फोटो जोडा, जेसीबीचा नको.

वेळेचं गणित साधं आहे. मे-जूनमध्ये चालणं, पावसाळ्यात बाटल्या आणि कागद, २ ऑक्टोबरला ठराव, गणपती-शिमग्यात संमतिपत्रं, कंपन्यांकडे नवं वर्ष सुरू होताना एप्रिलमध्ये. प्रत्यक्ष खणकाम नोव्हेंबर ते मे एवढंच. सरकारी पैसा मार्चअखेरीस एकदम येतो आणि लगेच खर्च करा म्हणतात. तेव्हा खडी, पाइप, गवंडी यांची बोलणी फेब्रुवारीतच करून ठेवा, नाहीतर घाईत पुन्हा गटारच बांधलं जाईल.

शेवटची रक्कम जी कोणत्याच योजनेत नीट बसत नाही ती देखभालीची. गाळण टाकीची जाळी पंधरा दिवसांनी साफ करावी लागते, कर्दळ वर्षातून दोनदा छाटावी लागते, खडी चार-पाच वर्षांनी धुवावी लागते. आमच्याकडे घरटी महिना वीस रुपये ठरले, सतरा घरांचे ३४०. बचत गटाच्या दोन बायका जाळी काढतात, त्यांना त्यातले तीनशे. उरलेले चाळीस खडीसाठी साठतात. पहिल्या वर्षी पाच घरांनी दिले नाहीत. त्यांची नावं फळ्यावर लिहावीत असं काहींचं म्हणणं होतं, पण वहीचा अनुभव आठवून आम्ही ते टाळलं. त्या दोघींपैकी एक घरोघर जाऊन चहा पिऊन पैसे घेऊन येते. आता दोनच घरं राहिली आहेत.